हरवलेल्याने हलायचं नाही

माझ्या मामेसासऱ्यांना विचारल्याशिवाय सिंगापुरातलं एकही मराठी कुटुंब आजवर इस्तंबूलला गेलेलं नाही, आणि ज्यांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं ती कुटुंबं अजून घरातून निघालेली नाहीत, असं आमच्या गोतावळ्यात म्हणतात. वास्तविक मामा स्वतः इस्तंबूलला गेले ते एकदाच. आठ दिवस, मामींना घेऊन, आणि तेसुद्धा आम्ही सिंगापुरात यायच्या कितीतरी आधी. पण बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाचं आजोळ तिथलंच असणार. कुणाकडे सत्यनारायण असो, कुणाच्या मुलाची मुंज असो, कुठून तरी "जूनच्या सुट्टीत तुर्कस्तान म्हणतोय" एवढे शब्द कानावर पडले की मामा हातातली प्रसादाची वाटी खाली ठेवत आणि त्या माणसाच्या दिशेने निघत. त्या माणसाची बायको तेवढ्यात चपला शोधायला लागे.

दोन हजार बारा साली ती पाळी आमच्यावर आली. झालं असं, की माझी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सेरंगूनला आली होती. आमची सई तेव्हा दहा वर्षांची. तिने शाळेच्या प्रोजेक्टसाठी इस्तंबूलच्या मशिदींची चित्रं भिंतीवर चिकटवली होती. आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या घुमटांसमोर उभी राहायची. एक दिवस हळूच म्हणाली, "हे प्रत्यक्ष बघायला मिळेल का रे?" वडील गेल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. नाही कसं म्हणणार? मी तिकिटं काढली आणि त्याच दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. आई एकाहत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरणारे, इंग्रजी बेताचं, जेवण शुद्ध शाकाहारी, आणि स्वभाव असा की रस्त्यात मांजर दिसलं तरी थांबून त्याची विचारपूस करणार. परक्या गावात हिला काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू? हे मी बायकोजवळ बोललो, ती माझी चूक. मीनलने मला न विचारता तोआ पायोहला, मामांना फोन लावला. तिचे सख्खे मामा ना ते!

मामा जहाजदुरुस्तीच्या यार्डातून निवृत्त झालेले इंजिनिअर. यादी केल्याशिवाय ते दूध आणायलाही खाली उतरत नसत. तोआ पायोहच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. मामी तीन वर्षांपूर्वीच वारल्या होत्या, तेव्हापासून एकटेच राहत. मुलाचा ईस्ट कोस्टला समुद्राजवळ ऐसपैस कॉन्डो, वडिलांसाठी खोली रंगवून तयार, पण हे काही जागचे हलायला तयार नव्हते. "इथे काय सोनं पुरलंय का बाबांनी?" असं तो वैतागून मला विचारायचा. "तुम्ही सांगून बघा. जावयाचं ऐकतील." मलाही तो म्हातारपणीचा हट्टच वाटायचा, त्यामुळे ट्रिपहून आल्यावर सांगेन असं मी त्याला कबूल करून बसलो होतो. मामांच्या दिवाणखान्यात इस्तंबूलहून आणलेला गालिचा होता. तो खोलीपेक्षा हातभर मोठा असल्याने भिंतीपाशी दुमडलेला होता आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्या दुमडीला अडखळायचा. "एवढा मोठा कशाला घेतला?" असं विचारलं की मामा म्हणत, "चहा प्यायलो."

आमची शिकवणी दर शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाली. मामा फाडायच्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर मुद्दे लिहून ठेवत आणि एकेक पान हातात धरून सांगत. राजवाडा मंगळवारी बंद. मोठा बाजार रविवारी बंद. शुक्रवारी दुपारी मशिदीकडे फिरकायचं नाही, ती त्यांची नमाजाची वेळ. हॉटेल ट्रामच्या थांब्याजवळ हवं, पण उताराच्या बाजूला नको, कारण जाताना उतार तो येताना चढ, आणि येताना विहीणबाई दमलेल्या असणार. पर्यटकांच्या बोटीत बसायचं नाही, तिथली माणसं ज्या फेरीबोटीने कामावर जातात त्या फेरीत बसायचं. तेच पाणी, तोच वारा, शिवाय इवल्याशा काचेच्या पेल्यात चहा. हे सगळं सांगून झालं की चष्म्यावरून बघत परीक्षा. "जावईबापू, मंगळवारी काय?" बँकेत वीस माणसांवर साहेबी गाजवणारा मी "राजवाडा बंद" असं शाळकरी आवाजात म्हणायचो. एकदा चुकून बाजार म्हणालो, तर त्यांनी मला पुन्हा सोमवारपासून सुरुवात करायला लावली.

पोशाखावर एक संपूर्ण शुक्रवार गेला. "मशिदीत बूट बाहेर. म्हणजे साऱ्या जगासमोर मोजे. मोज्याला भोक असेल तर महाराष्ट्राची अब्रू गेली," असं म्हणून त्यांनी माझेच मोजे तपासले. ऑफिसातून थेट आलो होतो, डाव्या अंगठ्याला भोक होतं. त्यानंतर अर्धा तास मी पाय सोफ्याखाली घेऊन बसलो. "आणि लेसचे बूट कोणीही घालायचे नाहीत. वाका, सोडा, पुन्हा बांधा, तोवर बाकीचे पुढे निघून जातात." आईला त्यांनी गालिच्यावर तालीम दिली. गालिचा दिसला की बूट काढायचे, विचार करायचा नाही! आई सात वेळा दारातून आत आली, सात वेळा चपला काढल्या, आणि आठव्यांदा म्हणाली, "अहो, आता मला चहा द्या, नाहीतर मी इथेच आडवी होईन." चहावरून त्यांना पुढचा मुद्दा आठवला. गालिच्याच्या दुकानात चहाला हात लावायचा नाही. चहा प्यायला की गालिचा गळ्यात पडतो. आणि जेवायला बसलं की आधी 'एतसिझ' म्हणायचं, म्हणजे मांसाशिवाय. मसुराचं सूप छान असतं, पण त्याचं पाणी कशाचं ते विचारून घ्यायचं. आईने तो शब्द तिच्या स्तोत्रांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून घेतला.

पण मामांचा खरा जीव एकाच कलमात होता. ते पान त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं. "हरवलेल्याने हलायचं नाही. जिथे लक्षात आलं तिथेच उभं राहायचं, भूक लागो, तहान लागो, कोणी कितीही आग्रह करो. शोधणाऱ्याने धावाधाव करायची नाही, माणूस शेवटचं जिथे दिसलं तिथपर्यंत उलट चालत जायचं." याची तालीम त्यांनी आमच्या सेरंगूनच्या मॉलमध्ये घेतली, तीही शनिवारी दुपारी, जेव्हा तिथे मुंगीला जागा नसते. आईला चपलांच्या दुकानासमोर हरवायला सांगितलं आणि आम्हाला वरच्या मजल्यावर पाठवलं. आम्ही वर गेलो, सईला आईस्क्रीम दिसलं, रांग मोठी होती, आणि खरं सांगतो, आम्ही आईला विसरलो. चाळीस मिनिटांनी धापा टाकत खाली आलो तर आई तिथेच. सिक्युरिटीवाल्याने तीनदा विचारपूस केली होती, दुकानदाराने स्टूल आणून दिलं होतं, आणि मामा समोरच्या खांबाआडून घड्याळ बघत उभे होते. आम्हाला त्यांनी नुसतं घड्याळ दाखवलं. आईला मात्र म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही पास. ही मंडळी नापास."

जूनमध्ये आम्ही गेलो. निघताना मामांचं फक्त एकच कलम आम्ही मोडलं. दगडी रस्त्यांवर आईचे पाय मुरगळू नयेत म्हणून मीनलने निघायच्या आदल्या दिवशी तिला भारीतले स्पोर्ट्स शूज आणले. लेसवाले! "मामांना काय कळतंय बायकांच्या बुटांतलं," असं मीनल म्हणाली आणि मीही मान डोलावली. पहिले तीन दिवस सोन्यासारखे गेले. आईने घुमटाखाली बसून डोळे मिटले, फेरीत चहा प्यायली, बटाट्याची गोझ्लेमे, म्हणजे आपल्या भरल्या पोळीची तुर्की बहीण, दोन खाल्ल्या आणि झाडून सगळ्या मांजरांची खुशाली विचारली. चौथ्या दिवशी आम्ही मोठ्या बाजारात शिरलो. डोक्यावर छत, दोन्ही बाजूंना दुकानं, एका गल्लीतून दुसरी फुटलेली, दुसरीतून तिसरी. दहा मिनिटांनी मी मागे वळून काहीतरी दाखवायला गेलो आणि मागे आई नव्हती.

आईजवळ फोन नव्हता. हॉटेलचा पत्ता लिहिलेला कागद माझ्या बायकोच्या पर्समध्ये, आईच्या नाही, का तर आई काय आमच्याबरोबरच असणार! मी मीनलला म्हणालो, "तू तिकडे जा, मी इकडे बघतो," आणि धावत सुटलो. एका वळणावर सईने माझा शर्ट मागून घट्ट पकडला. "बाबा! डोन्ट एनीहाउ रन लाह!" उगाच सैरावैरा धावू नका, असं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सांगत ती रडत होती, पण ठाम होती. "मामाआजोबा सेड लास्ट सीन प्लेस!" आईला शेवटचं कुठे पाहिलं ते मला आठवेना. सईला आठवत होतं. कंदिलांच्या दुकानापाशी आज्जीने निळ्या कंदिलाकडे बोट केलं होतं. मीनलला हाक मारून परत बोलावलं आणि आम्ही तिघं हात धरून तिथपर्यंत उलट चालत निघालो. मी आयुष्यात इतका देव आठवला नव्हता. घुमट कसले, आणि हौस कसली, हिला पुण्यात सुखाने देवपूजा करत ठेवायला काय झालं होतं मला, असं सारखं मनात येत होतं.

चौथ्या वळणावर आई दिसली. एका दुकानासमोर वाटेतच गालिचा पसरला होता आणि त्याच्या कडेला छोट्या स्टुलावर ती मोज्यांनी बसली होती, दोन्ही बूट मांडीवर. शेजारी पांढऱ्या मिशांचे एक दुकानदार हात जोडल्यासारखे उभे. वाटेत गालिचा आला म्हणून, शिकवल्याप्रमाणे, ती बूट काढायला वाकली होती. लेसची गाठ सुटेना. वर बघते तो आम्ही गायब. त्या भल्या माणसाने तिला बाहेर दरवाजापर्यंत सोडतो म्हणून सांगितलं, ती हलली नाही. पोलिसांकडे चला म्हणाला, ती हलली नाही. चहा आणला, तर तिने दोन्ही हात मागे घेतले. "एतसिझ, एतसिझ," म्हणून तिने त्याला चहासुद्धा परत पाठवला होता, बिचाऱ्याला काय वाटलं असेल देव जाणे. मी तिच्या पायांशी बसलो आणि भर बाजारात लहान मुलासारखा रडलो. आई माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "अरे, मला माहीत होतं तुम्ही येणार. फक्त फार तहान लागलीय रे." मग आम्ही सगळ्यांनी त्या दुकानात बसून दोन-दोन पेले चहा घेतला. येताना आमच्याकडे एक गालिचा होता.

परतल्यावर पहिल्याच रविवारी मिठाई घेऊन तोआ पायोहला गेलो. मामांनी दारातच विचारलं, "मोजे?" मी दोन्ही पाय वर करून दाखवले. मग आईने बाजाराची सगळी हकिकत सांगितली, बुटांच्या लेससकट. मला वाटलं आता मीनलची खरडपट्टी निघणार. पण मामा दुमडलेल्या गालिच्याकडे बघत म्हणाले, "त्याच बाजारात आम्ही दोघं चुकलो होतो, मी आणि मीनलची मामी. मी तिला शोधत फिरत होतो, ती मला. चार तास! बहुतेक एकमेकांच्या मागेच फिरत असू. संध्याकाळी हॉटेलवर आली तेव्हा पाय सुजले होते तिचे. मी ओरडलो तिच्यावर. तर ती शांतपणे म्हणाली, तुम्ही एका जागी उभे राहिला असतात, तर मी तुम्हाला केव्हाच गाठलं असतं. दुसऱ्या दिवशी तिला बरं वाटावं म्हणून हा घेतला. मोजमाप न करता."

तेवढ्यात फोन वाजला. मुलगाच होता, नेहमीचंच विचारत होता. "नाही रे बाबा," मामा म्हणाले, "खोली छान आहे, समुद्र छान आहे, पण मी इथेच बरा." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता माझी पाळी आहे हे त्यांना ठाऊक असावं. मी वाक्यं तयार करून आणली होती, एकटेपणा, तब्येत, नातवंडं, सगळं मुद्देसूद. आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, गुडघा दुखरा असूनही चांगला जोरात. मग तिने मामांच्या बशीत आणखी एक मिठाईची वडी ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही बरोबर करताय. सापडायला सोपं जातं."

निघालो तेव्हा मामा दारापर्यंत आले. लिफ्टमध्ये शिरताना मी मागे वळून पाहिलं. लिफ्टचं दार मिटेपर्यंत ते तिथेच उभे होते.