चोविसाव्या प्रश्नाचं खरं उत्तर

फॉर्मच्या तळाशी एक ओळ छापलेली होती: 'वरील माहिती मी समक्ष विचारून लिहिली आहे.' तिच्याखाली माझी सही आहे. विचारलं समक्ष, पण लिहिलं समक्ष नव्हतं. आणि चोविसाव्या प्रश्नाचं उत्तर तर मी खोटंच लिहिलं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आता ती दुरुस्त करायची आहे.

मी तेव्हा बारामतीजवळच्या सांगवीला शिक्षक होतो. पुण्यात एका प्रशिक्षणात बेने इस्रायली समाजाच्या एक शिक्षिका भेटल्या. त्यांच्यातले काही जण एक पाहणी करत होते. शहराबाहेर पांगलेली आपली घरं कुठं आहेत, सण कसे करतात, काळजी कसली आहे, अशी. आमच्या भागात त्यांना एकच घर ठाऊक होतं, कळंबचं. "तुम्ही जनगणनेचं काम केलंय. जाऊन याल?" त्यांनी विचारलं, आणि मी लगेच हो म्हणालो. बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, यापलीकडं मला काही माहीत नव्हतं. त्यांचं घर आतून कसं असतं याची उत्सुकता होती. रकान्याची किंमत तर मला कुणी शिकवायला नको होती. धर्मांतरानंतरच्या जनगणनेत आमच्या आबांनी मोजणीदाराचा हात धरून ठेवला, 'बौद्ध' लिहिलंय हे माझ्याकडून वाचून घेतलं, आणि मगच त्याला उठू दिलं होतं.

शनिवारी शाळा सकाळची, म्हणून मी शनिवारी दुपारी गेलो. चूक तिथंच झाली.

दाराच्या चौकटीला उजवीकडं बोटाएवढी पितळी नळी तिरकी ठोकलेली होती. मी तिच्याकडं बघतोय हे पाहून दारातली म्हातारी म्हणाली, "त्यात देवाचं वचन हाय. या गुरुजी. पण चहा न्हाय मिळायचा, आज आमची चूल थंड."

सत्तरीची बाई. नवरा कारखान्यात फिटर होता. चाळीस वर्षांपूर्वी त्यानं तिला अलिबागकडून इकडं आणलं होतं. तो वारला होता, मूलबाळ नव्हतं. मी फॉर्म आणि पेन काढताच तिनं हात वर केला.

"आज आमचा इसाव्याचा वार, या घरात लिहायचं न्हाय. बोला हवं तेवढं."

"मावशी, मग मी हा भरू कसा?"

"पोरांकडून पाठ करून घेता न्हवं? आज तुमी करा."

तेवढ्यात शेजारची शेतकरीण माझ्यासाठी चहा घेऊन आली. "शनिवारी मावशीचे पाव्हणे माझ्या चुलीवर. हिचा देव आराम करतो, माझ्या देवाला सुट्टी न्हाय."

मी विचारत गेलो. प्रार्थनामंदिराला ती मशीद म्हणत होती; जुनी माणसं तसंच म्हणतात, म्हणाली. खवल्यांचाच मासा चालतो, मटणाच्या जेवणात दूध-दही येत नाही. मी खोदून खोदून विचारत होतो.

"हे बी फॉर्मात हाय?"

"नाही, हे माझं."

"मग इचारा," ती हसून म्हणाली.

चोविसावा प्रश्न होता: सर्वांत मोठी काळजी कोणती?

"दहा माणसं," ती म्हणाली. मेलेल्या माणसासाठी त्यांच्यात एक प्रार्थना असते. ती म्हणायला समाजाचे दहा पुरुष लागतात. नवऱ्याच्या वर्षदिनाला ती इथं एकदाही झाली नव्हती. "म्हणावं, एका दिवसापुरती दहा माणसं पाठवा. जेवायला मी घालीन. मी गेल्यावर त्याची आठवण काढायला तरी कोण हाय?" तो दिवस त्यांच्या पंचांगाचा होता. महिन्याचं नाव तिनं माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

एसटी थांब्यावर बसून मी फॉर्म भरला. तेवीस उत्तरं झरझर उतरली. चोविसाव्यापाशी महिन्याचं नाव आठवेना. घर दहा मिनिटांवर होतं. पण परत गेलो तर 'एवढंच पाठ राहिलं न्हाय व्हय, मास्तर?' असं ती म्हणेल, याची लाज वाटली. नुसतं 'दहा माणसं' लिहावं, तर पुण्याहून दिवस विचारतील. मी लिहिलं, 'काही नाही.'

काही महिन्यांनी अहवाल आला. 'कळंबच्या कुटुंबानं कोणतीही काळजी नोंदवलेली नाही.'

पुढच्या वर्षी बारामतीच्या बाजारात ती शेजारीण भेटली. "गुरुजी, मावशी त्या दिवशी दहा ताटल्या मांडून बसली हुती. पोहे, खोबरं, साखर, फळं, त्यांच्यातला मलिदा केलेला. दिवसभर रस्त्याकडं बघत. मी म्हणलं, आमच्या घरचे दहा गडी बसवते की. तर म्हणती, तुमी येवा, खावा, पण मोजणीत धरता येत न्हाय."

मी कळंबला गेलो. खरं सांगायलाच गेलो होतो. तिला बघितल्यावर तोंडातून निघालं, "पुण्याच्या लोकांना जमलं नसेल."

"मोठ्या गावची माणसं. कामं असत्यात त्यांना," ती म्हणाली, आणि माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

दोन-तीन वर्षांनी ती वारली. माझ्या खोट्यावर तिचा विश्वास तसाच राहिला.

गेल्या महिन्यात मी पुन्हा कळंबला गेलो. शेजारीण आता पार थकली आहे. तिला सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, ताटल्या मांडल्या तो दिवस कोणता? ती बोटं मोजत म्हणाली, "तारीख मला ठावी न्हाय. पोळ्यापासनं सहावा दिवस. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा हुता."

वर्ष मला ठाऊक होतं. पुण्याच्या त्या शिक्षिकाबाईंना पत्रात दोन्ही लिहिलं, आणि माझी लबाडीही लिहिली. त्यांचे महिनेही चंद्रावरच चालतात. त्यांचा फोन आला. त्या वर्षीच्या पोळ्यावरून त्यांनी आपल्या पंचांगातला दिवस काढला होता. यंदा त्या दिवशी पुण्यात दहा जण मावशीच्या नवऱ्यासाठी प्रार्थनेला उभे राहणार आहेत. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

शेजारणीला कळवलं, तर म्हणाली, "मला न्या."

"बाजूला बसावं लागेल. मोजणीत धरणार नाहीत."

"तवा बी धरलं नव्हतं की. पोहे मी घेते."