वादळाआधीची ऊब

शोधपथकातल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी डोंगराखालच्या मोटेलमध्ये बसून होतो. दोन्ही मुली जिवंत सापडल्या, त्या म्हणाल्या. "आणि माझा मित्र?" मी विचारलं. "तुमच्याबरोबर कोणी आहे का?" त्यांनी विचारलं… तेवढ्यातच मला कळलं.

शिरीष आणि मी ऑस्ट्रेलियात क्लेटनला शिकायला आलो, एका खोलीत राहिलो. पुढे तो नोकरीसाठी पॅरामॅटाला गेला, केतकीशी लग्न झालं, आणि कुठूनसं त्याला बर्फाचं वेड लागलं. मूळचा सोलापूरचा माणूस! ऑस्ट्रेलियात बर्फ पडतो हेच आमच्या घरच्यांना खरं वाटत नसे. शिरीषला मात्र बर्फाची भीतीही वाटायची, आणि म्हणूनच त्याने तो नीट समजून घेतला होता. "इथलं वादळ फसवं असतं रे," तो सांगायचा. "आधी उत्तरेकडचा वारा सुटतो, हवा उबदार होते, पाऊस येतो. माणूस खुशीत भिजतो. मग वारा फिरतो, आणि भिजलेल्या माणसाला बर्फ गाठतो."

यंदाच्या ऑगस्टमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, आम्ही दोघं स्नोई माउंटन्समध्ये चालायला गेलो होतो. सकाळ लख्ख होती. दुपारी वारा मऊ झाला, मी जॅकेटची चेन उघडली. शिरीष थांबून पश्चिमेकडे बघत राहिला. तिथे नुसती एक मळकट रेघ होती. "परत फिरू," एवढंच म्हणाला.

उतरताना दोन मुली वर जाताना भेटल्या. युनिव्हर्सिटीतल्या असाव्यात, अंगात जीन्स, पायात कापडी बूट. आपसात मराठी बोलत होत्या म्हणून शिरीषने थांबवलं, परत चला म्हणून विनवलं. "नो वरीज, दादा! फोटो काढून लगेच येतो," म्हणत त्या हसत पुढे गेल्या.

आम्ही गाडीपाशी पोचेपर्यंत भुरभुर सुरू झाली. त्या आल्याच नाहीत. मग वारा फिरला, दार आपटावं तसा, आणि समोरच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. फोनला रेंज नव्हती.

"तू खाली जाऊन मदत बोलाव. मी वाटेवरचे खांब धरून वर जातो," शिरीष म्हणाला. बर्फात वाट कळावी म्हणून तिथे उंच खांब रोवलेले असतात.

"शिरीष, नको जाऊस."

"पुढे काय होणार ते त्यांना माहीत नाही रे. मला माहीत आहे."

दुसऱ्या खांबापाशी तो दिसेनासा झाला. मी मदत बोलावली, पण वारा पडेपर्यंत कुणालाच वर जाता आलं नाही.

पुढचं सांगितलं त्या दोघींतल्या गायत्रीने, काही आठवड्यांनी केतकीच्या घरी येऊन. एका खांबाला बिलगलेल्या त्या दोघी शिरीषला सापडल्या. तोवर जमीन-आभाळ एकच झालं होतं, उतरणं शक्य नव्हतं. त्याने बर्फात खड्डा केला, स्वतःचं कोरडं जॅकेट गायत्रीच्या मैत्रिणीला घातलं, दोघींना आपल्या पिशवीवजा तंबूत बसवलं आणि वाऱ्याकडे पाठ करून खड्ड्याच्या तोंडाशी बसला. आणि म्हणाला, "नीट ऐका. थोड्या वेळाने मी गारठून बरळायला लागेन. उकडतंय म्हणेन, कपडे काढायला बघेन. तेव्हा माझं ऐकायचं नाही."

"तसंच झालं," गायत्री म्हणाली. "सोडा गं, उकडतंय, म्हणत होते. आम्ही हात सोडले नाहीत. मग 'केतकी, फॅन लाव' म्हणाले… आणि नंतर काहीच बोलले नाहीत."

पथक पोचलं तेव्हाही दोघींनी त्याला दोन्हीकडून धरून ठेवलं होतं.

केतकी रडली नाही. उठून गायत्रीच्या शेजारी बसली, तिचे हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ चोळत राहिली.

मी आता अधूनमधून केतकीकडे राहायला जातो. सकाळी चहा ठेवला की बाल्कनीत जायचं, ओला हात बाहेर धरून वारा कुठून येतो ते बघायचं, ही शिरीषची सवय. आता ते केतकी करते. परवा त्यांच्या लेकीने, ईराने, विचारलं, "व्हॉट आर यू चेकिंग, आई?" "वारा गं," केतकी म्हणाली. हात तसाच बाहेर धरून उभी राहिली… आत चहा उतू गेला तरी.