कंपनीने अडवलेलं शब्दकोडं

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो, तिथे हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनत. त्यामुळे साधा स्क्रू बदलायलाही तीन सह्या लागायच्या. ते मला पटायचं. पण एक दिवस वरून हुकूम आला, की ब्राउझरमध्ये लोकांनी आपल्या मनाने टाकलेली सगळी एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, काढा आणि नवी कोणालाच टाकता येऊ नयेत असं करा. हवामान सांगणारी, घोड्यांच्या शर्यतीचे निकाल दाखवणारी, काय काय निघालं! मी खुशीत होतो. या फुकट्या चीजांनी मशीन मंद व्हायची आणि शिव्या मला बसायच्या.

दुपारी क्वालिटी विभागातली नागपूरकरीण माझ्या टेबलापाशी आली. त्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

"अरे, माझ्या पेपरचं काय केलंस?"

जाऊन पाहिलं तर तिच्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आणि टिंबांचा नुसता चिवडा. तेव्हा आपली वर्तमानपत्रं इंटरनेटवर आपापला वेगळा फॉन्ट वापरायची, आणि तो नसला की मराठीचा असा भुगा दिसायचा. तिचं एक्स्टेन्शन त्या भुग्याचं परत मराठी करायचं. ते मी सकाळीच उडवलं होतं.

"घरी वाच की. बातम्या काय पळून जातात?"

"बातम्या कोण वाचतंय?" ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

तिच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरत होते, पण बोलणं अडलं होतं. कसे आहात विचारलं तर गप्प. मात्र तिच्या शाळेच्या दिवसांपासून बापलेक पेपरातलं शब्दकोडं मिळून सोडवायचे, आणि आता तिने फोनवर कोड्यातली एखादी ओळ वाचली की पलीकडून थांबत थांबत उत्तर यायचं. आईने वाचलं तर द्यायचे नाहीत, हट्टी माणूस. डॉक्टर म्हणाले होते, हे सोडू नका. म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत ती कॉलिंग कार्ड घेऊन नागपूरला फोन लावायची. तिचं घर पार गावाबाहेर, तिथे इंटरनेटची धड लाइन पोचली नव्हती.

मी आमच्या मॅनेजरकडे गेलो. शेजारच्या मेयो परगण्यातल्या खेड्यातली बाई, मनाने मऊ. "गॉड लव्ह हिम," बिचारा या अर्थाने ती म्हणाली, पण सूट द्यायची तर कंपनीच्या कामाचं कारण लागणार, आणि सरकारी तपासणी तोंडावर आलेली. मला भयंकर राग आला. कुलूप मीच लावलं होतं, त्यामुळे तो राग काढायचा कोणावर हेही कळेना. मी दारापर्यंत गेल्यावर तिने हाक मारली. "ब्राउझर बंद आहे. कागद मी कुठे बंद केलाय?"

तेव्हापासून रोज सकाळी घरी कोडं छापायचं आणि जॅकेटच्या आत, पावसापासून सांभाळत आणायचं, हे माझं काम झालं. मॅनेजर येताजाता नागपूरच्या बाबांची चौकशी करायची, "हाऊज युवर मॅन?" तिकडे कुठल्याही माणसाला 'युवर मॅन', तुझा माणूस, असंच म्हणतात, पण मला ते बरं वाटायचं.

तपासणीच्या दिवशी नागपूरकरीण तपासनिसांबरोबर खोलीत अडकली. दारातून तिने कार्ड माझ्या हातात कोंबलं. "तूच लाव. वाट बघत बसतात ते."

मी लावला. "कोण बोलून राहिलं जी?" आईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी रिसीव्हर काकांच्या कानाला लावला, आणि मला फक्त श्वास ऐकू आला.

"काका, आडवा शब्द. चार अक्षरी. पोळी उलटायचं साधन."

मी ओळ पुन्हा एकदा सावकाश वाचली. परका आवाज ऐकून माणूस पुन्हा मिटला तर तिला काय तोंड दाखवू?

"सराटा."

"काका, तो शब्द तुमच्या नागपूरकडचा. इथे चार घरं आहेत."

"उ... उलथणं."

मी लिहून घेतलं. आणखी दोन शब्द सुटले. काकांचा श्वास जड झाला, म्हणून म्हटलं, "आता उद्या, काका." मी फोन ठेवणार, तेवढ्यात ते बोलले.

"पोरगी... जेवली का?"

मागे आईंनी "अगं बाई" म्हटलेलं ऐकू आलं.

"नाही अजून. मी सांगतो तिला."

ती बाहेर आली तेव्हा कॅन्टीन बंद झालं होतं. तिचा डबा घेऊन मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो.

"सुटलं का?"

"तीन शब्द. आणि बाबांनी विचारलंय, पोरगी जेवली का."

"हे कुठल्या ओळीचं उत्तर?"

"कुठल्याच नाही. त्यांनी आपणहून विचारलं."

तिने डबा घेतला, भिंतीला टेकून तिथेच खाली बसली, आणि रडत रडत गार पोळी खाऊ लागली.