भाऊबीज आणि रक्ताची नळी

जगात माणसांचे दोनच प्रकार असतात: ज्यांचा गळा आमच्या मेहुण्यांनी निरखलाय ते, आणि ज्यांचा निरखायचा राहिलाय ते. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या बायका पहिल्या प्रकारात गेल्या त्या माझ्या चुकीने. हळदीकुंकवाच्या दिवशी मेहुणे सहज डोकावले आणि मी ऐटीत ओळख करून दिली, "हे आमच्या हिचे थोरले भाऊ, थायरॉइडचे मोठे डॉक्टर." ते डॉक्टर आहेत, पण संशोधनाचे, उभ्या जन्मात त्यांनी कोणाला खोकल्याची गोळीसुद्धा दिलेली नाही. पाचव्या मिनिटाला तिळगूळ बाजूला राहून रांग लागली. मेहुण्यांनी सांगून टाकावं ना? छे! प्रत्येकीच्या हातात पाण्याचा पेला देऊन म्हणाले, "गिळा. सावकाश." आणि गळ्याकडे असे टक लावून बसले, की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला बाजूला घेतलं, "तुमचे मेहुणे माझ्या मंगळसूत्राकडे का बघतायत हो?"

आपलं संशोधन त्यांनी एकदा माझ्या पातळीवर उतरून समजावलं होतं. "समजा, तुमच्या सोसायटीचा वॉचमन चोर सोडून सेक्रेटरीलाच बडवायला लागला, तर?" मी म्हटलं, "आम्ही पेढे वाटू." तेव्हापासून त्यांनी माझा नाद सोडला. तर शरीराचा हा वॉचमन कधी गळ्यातल्या थायरॉइडला बडवतो, कधी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि तो असा का फिरतो हे शोधण्यात मेहुण्यांची तीस वर्षं गेली. लग्न राहिलं. एकदा मुलगी बघायला गेले, तर तिला सरबत पिताना पाहून तिच्या वडिलांना म्हणाले, "डावी बाजू जरा मोठी आहे." मुलीवर वेळेत उपचार झाले, तिचं लग्नही झालं, यांच्याशी नाही, इतकंच.

रोग्यांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते पुरवायचं काम आमच्या हिचं. दर भाऊबीजेला ही ओवाळणार, हे साडी देणार आणि पिशवीतून सुई काढून एक नळी रक्त घेऊन जाणार. नळीवर एकच शब्द: 'नॉर्मल'. "बेबीसारखा नॉर्मल नमुना अख्ख्या मुंबईत नाही," हे बहिणीवरची माया व्यक्त करायचं त्यांचं एकमेव वाक्य.

गेल्या वर्षी ही वाळू लागली, काळवंडली, जिन्यात मध्येच बसू लागली. मी म्हणालो, "झकास बारीक झालीस!" स्वयंपाकघरात नुसतं मीठ चाटताना सापडली, तेव्हा डोहाळ्यांवरून विनोदही केला, तिच्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी. भाऊबीजेला तिने अक्षता टाकायला हात उचलला आणि मेहुण्यांची नजर पहिल्यांदाच गळा सोडून तळहातावर गेली. रेषा काळ्या पडल्या होत्या.

"बेबी, उठलीस की गरगरतं का गं?"

"हो. तुला कोण बोललं?"

निरांजन तेवत ठेवून त्यांनी रिक्षा थांबवली आणि हिला हॉस्पिटलात नेलं. वॉचमनने अ‍ॅड्रिनलच बडवल्या होत्या; ते मीठ चाटणंसुद्धा त्याचंच लक्षण. आणखी उशीर जिवावर बेतला असता, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे गोळ्या देणारे डॉक्टर. त्या गोळ्या आता जन्मभर आहेत, पण ही टुणटुणीत आहे.

खचले ते मेहुणे. आठवड्याने आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि आम्हा दोघांना म्हणाले, "आधीच्या दोन वर्षांच्या नळ्यांत दिसत होतं. मी शेरा मारला, 'तपासणीत चूक', आणि त्या वगळून टाकल्या. मला वाटलं, बेबीचं रक्त कसं बिघडेल?" अख्ख्या गावाचे गळे तपासणारा हा माणूस! मी बोलणार होतो, खूप बोलणार होतो. मग ते मीठ आठवलं.

यंदा ते साडी घेऊन आले. ओवाळून झालं, साडी दिली, आणि हात मांडीवर ठेवून बसले. ही बाही वर सारून तशीच समोर.

"दादा, नळी कुठाय?"

"नको गं. आता तू नॉर्मलमध्ये बसत नाहीस."

"मग रोग्यांमध्ये बसव. पण घे."

ते उठले, दाराशी चपलांजवळ ठेवलेली पिशवी उघडली. सुई आणली होतीच. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांना शीर दुसऱ्या खेपेला सापडली.

ते गेल्यावर मी हिला विचारलं, "डोळे का भरलेत? दुखलं?"

कोपराशी कापूस दाबून धरत ही म्हणाली, "तीस वर्षं मला कोणीतरी नॉर्मल म्हणत होतं हो. तुम्ही तर एकदाही म्हणाला नाहीत."