मस्कतहून उघडलं जाणारं पान

"माणसाची बातमी माणसानं आपल्या हातानं लिहावी, दुसऱ्याच्या हातात गेली की ती परकी होते," आप्पाजी एकदा म्हणाले होते.

महानंदाला ते वाक्य इतकं आवडलं की तिनं ते अवधूतला मुद्दाम ऐकवलं. तिचं आणि अवधूतचं त्याच गोष्टीवरून महिनाभर वाजत होतं. अवधूत पुण्याचा. बंगळुरूत, यशवंतपूरच्या मार्केट यार्डामागं, पाण्याच्या पंपांच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्यानं वेबसाइट बनवून द्यायचा धंदा काढला होता. शतक संपायला आलं होतं, पण धंदा इतका नवा होता की खालचा पंपवाला लोकांना सांगायचा, "वर कॉम्प्युटरमध्ये बोर्ड रंगवतात." महानंदा निपाणीची. ग्राहकांशी बोलायचं काम तिच्याकडे. कारण ती मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये संपवायची आणि समोरच्याला ते आपलंच वाटायचं.

ग्राहकांचा फोन यायचा: पत्ता बदला, फोटो काढून टाका, आमचे साहेब रिटायर झाले. मग महानंदानं बसून ते बदलायचं. याला कंटाळून अवधूतनं एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर एक चौकट, खाली एक बटण. ग्राहकानं आपल्या परवलीच्या शब्दानं आत यायचं, चौकटीत लिहायचं, बटण दाबायचं. लिहिलेलं जगाला दिसायला लागलं. संगणकातलं काही कळायची गरज नाही.

अवधूतला मधे एक उंबरा हवा होता. ग्राहकानं लिहिलेलं आधी ऑफिसात यावं, आपण नजर टाकावी, मग पुढं सोडावं.

"घर भाड्यानं द्यायचं आणि किल्ली आपल्या कनवटीला?" महानंदा म्हणाली.

"काहीही लिहितील. मग निस्तरायला तू बस."

"बसते."

उंबरा राहिला नाही. आणि त्या चौकटीत शिरलेले पहिले ग्राहक म्हणजे आप्पाजी.

आप्पाजींचं घराणं कधीकाळी फौजेबरोबर साताऱ्याकडून आलं आणि इथंच राहिलं. साताऱ्यात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं, की कुठलं कुठं सुरू होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पत्र्याच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून उभी हयात गेली. लोकांच्या येण्याजाण्याची वेळ लिहिणं हेच काम. निवृत्तीनंतर ते तिथल्या मराठी समाजाचे कार्यवाह झाले आणि तेच काम करू लागले. बळेपेठेजवळच्या समाजाच्या सभागृहाबाहेर एक काळा फळा होता. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, ते त्यावर रोज सकाळी आप्पाजी लिहीत. खडू पाण्यात बुडवून लिहीत. ओलं असताना अक्षर दिसत नसे. फळा वाळत जाई तसं ते पांढरं होऊन वर येई. लोक समोर उभे राहून वाट पाहत, आज कोण वर येतंय.

समाजाची पोरं परदेशात गेली. त्यांनीच वर्गणी काढली, सभागृहाला एक कॉम्प्युटर पाठवला आणि म्हणाली, फळा आम्हालाही दिसू दे.

महानंदा शिकवायला गेली तेव्हा कॉम्प्युटरवर फुलाफुलांचा अभ्रा होता आणि त्यावर हळदकुंकू.

"परवलीचा शब्द ठेवा एक. कुणाला सांगायचा नाही," ती म्हणाली.

आप्पाजींनी एका बोटानं अक्षर-अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप केलं, "व... सु... म... ती."

"मोठ्यानं नका म्हणू. चोरी होते."

"माझ्या बायकोचं नाव आहे. ती गेली. आता कोण चोरणार?" ते म्हणाले. मग बटणावर बोट धरून थांबले. "हे दाबलं की?"

"झालं. दिसलं."

"वाळायचं नाही?"

"नाही."

"स्वल्पसुद्धा नाही?" आप्पाजी हसले. "तू मला या वयात अक्षरओळख केलीस. आजपासून तू माझी अक्का."

ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, फळ्यावरच्याच ठरलेल्या शब्दांत. जन्माला एक वाक्य, लग्नाला एक, मरणाला दोन. आठवड्यातून एकदा ते यशवंतपूरला ऑफिसात यायचे, तिच्यासाठी कोडबळे, म्हणजे तिकडची कडबोळी, आणायचे आणि विचारायचे, "वाचतं का कुणी?"

तिनं एकदा त्यांना सर्व्हरची नोंद उघडून दाखवली. कुठल्या देशातून कुणी पान उघडलं, ते त्यात ओळीनं येई. नावं नसत. अमेरिकेतून रविवारी कुणीतरी, लंडनहून अधूनमधून.

"आणि ही एक ओळ रोज असते," ती म्हणाली. "मस्कत. सकाळी ऑफिस उघडलं की पहिलं काम हेच करत असावं कुणीतरी."

आप्पाजींच्या हातातलं कोडबळं तसंच राहिलं.

मस्कतला त्यांची मुलगी होती, चंपा. हे महानंदाला त्या दिवशी समजलं, तेही अर्धंच. उरलेलं नंतर. चंपानं स्वतःच्या मनानं लग्न केलं, आप्पाजी लग्नाला गेले नाहीत. अशी भांडणं घरोघरी असतात, मिटतातही. पण वसुमतीबाई वारल्या तेव्हा आप्पाजींनी मुलीला कळवलं नाही. सगळं उरकल्यावर, अस्थी श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडून आल्यावर, दुसऱ्याकडून निरोप धाडला. चंपा तेव्हापासून बोलली नाही. पुढं टेलिफोनचे नंबर बदलले. नवा नंबर आप्पाजींनी तिला दिला नाही, तिनं मागितला नाही. पण ती रोज सकाळी समाजाचं पान उघडत होती. पुन्हा उशीर होऊ नये म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

आप्पाजींना मात्र दुसरं कारण दिसलं. त्या दिवसापासून ते पान जास्त नीट लिहू लागले. आंब्याला मोहर आला, सभागृहाला रंग दिला, असलंही काही. ऑफिसात आले की आधी विचारत, "मस्कत?"

"आहे," महानंदा सांगे.

तिला त्याचं बरं वाटे आणि कुठंतरी भीतीही. बाप आणि मुलगी एकाच भिंतीला दोन बाजूंनी कान लावून उभी होती आणि ती भिंत तिनं बांधून दिली होती.

मग एका शनिवारी सकाळी सभागृहाच्या अंगणात आप्पाजींच्या डोक्यावर कावळा बसला.

ते फळा पुसत होते. मागून आला, टाळूवर पंजे रोवून क्षणभर बसला, गेला. पाहणाऱ्या दोघातिघांचे चेहरे उतरले. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे बोलावणं आलं, हे तिथं कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्यावर तोड आहे, तीही सगळ्यांना माहीत. अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची आणि रक्ताच्या माणसाला आपण मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. ते माणूस खरं समजून रडलं की मरण फसतं, आपलं काम झालं समजून परत जातं. संध्याकाळच्या आत खरा निरोप आणि साखर पाठवायची.

आप्पाजींचं रक्ताचं माणूस एकच होतं.

त्यांनी आंघोळ केली. ओल्या डोक्यानं कॉम्प्युटरचा अभ्रा काढला, बायकोचं नाव टाइप केलं आणि लिहिलं. मरणाची दोन वाक्यं ठरलेली होती. बोट आपोआप चाललं.

दोन दिवसांच्या सुट्टीनंतर सोमवारी महानंदा ऑफिसात आली तेव्हा फोन वाजत होता. कुलूप उघडून आत जाईपर्यंत थांबला, पुन्हा सुरू झाला. समाजाच्या पानाच्या तळाशी, ज्यांनी पान बनवलं त्यांचा म्हणून, ऑफिसचा नंबर होता.

"आप्पाजींना अग्नी कुणी दिला?" बाईचा आवाज. मागं समुद्रासारखा घरघराट.

"कुठल्या आप्पाजींना?"

"मी चंपा. मस्कतहून. शनिवारपासून फोन करतेय, कुणी उचलत नाही. अग्नी कुणी दिला तेवढं सांगा. बाकी काही विचारत नाही."

शुक्रवारी तर ते कोडबळे देऊन गेले होते. महानंदानं अवधूतला खूण केली. त्यानं दुसऱ्या टेलिफोन लाइनवर इंटरनेट जोडलं, पान उघडलं. समाजाचे कार्यवाह आप्पाजी यांचं शनिवारी सकाळी निधन झालं. अंत्यविधी उरकले.

इंटरनेट तोडून त्याच लाइनवर अवधूतनं सभागृहाचा नंबर फिरवला. दोन्ही खोल्यांत शांतता होती, त्यामुळे त्याचं बोलणं मस्कतपर्यंत गेलं.

"हॅलो. आप्पाजी? तुम्हीच बोलताय ना? ... नाही, काही नाही. तुमचा आवाज ऐकायचा होता."

चंपानं ते ऐकलं.

मग म्हणाली, "कावळा का?"

"मला खरंच माहीत नाही हो."

"कावळाच. आजोबांच्या डोक्यावर बसला होता, तेव्हा माझ्या आत्याला असंच रडवलं. पण तिला दिवेलागणीला सांगितलं होतं. माझी बॅग भरून दाराशी आहे. शनिवारपासून." आवाजात राग नव्हता. "आणि अंत्यविधी उरकले हे का लिहिलं? रडवायला पहिलं वाक्य पुरत होतं."

"सवयीनं लिहिलं असेल. ते नेहमी तसंच..."

"हो. सवयच आहे त्यांची."

"तुमचा नंबर द्या. मी त्यांना आत्ता फोन करायला लावते."

"नको. त्यांना सांगा, मी रडले. कावळ्याचं फिटलं. तिकीट मी परत करतेय. आणि ते पान आता मी उघडणार नाही. उद्या खरं झालं तरी नाही."

फोन ठेवला गेला.

अवधूत खुर्चीवर बसला. "सर्व्हर आपल्या हातात आहे. मी ते वाक्य आत्ता काढतो."

"त्यांचं पान आहे. ते काढतील."

"अजूनही?"

"अजूनही," महानंदा म्हणाली, पण तिचा आवाज तिला ओळखू आला नाही.

दुपारी आप्पाजी आले. दाढी केलेली, अंगरख्याला इस्त्री. अवधूतच्या फोनवरूनच चंपानं विचारलं असणार हे त्यांना समजलं होतं. जिना चढून धाप लागली होती, तरी चेहरा उजळलेला. खालच्या पंपवाल्याशी त्यांनी येतायेता थट्टाही केली होती, ती वर ऐकू आली होती.

"काय अक्का? मेलेल्या माणसाला कॉफी मिळेल?"

महानंदानं खुर्ची पुढं केली.

"सभागृहात सगळे चिडवतात मला," ते म्हणाले. "दोघांना अमेरिकेतून पोरांचे फोन आले, म्हणे आप्पाजी गेले? त्यांनी सांगितलं, कुठले जातात, समोर तंबाखू मळत बसलेत." मग पुढं वाकून हळूच, "रडली का?"

"रडली."

आप्पाजींनी डोळे मिटून हात जोडले. ते कुणाला जोडले हे सांगता आलं नसतं. "मग फिटलं. शनिवारी संध्याकाळीच खरं लिहिणार होतो. बसलोही होतो. पण म्हटलं तिचं काही कळलं नाही, तोवर कसं पुसू? रविवारीही तेच. घरी टेलिफोनपाशी बसून होतो."

"आप्पाजी, तिच्याकडे तुमचा नंबर कुठं आहे?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "खरंच की," ते म्हणाले. "पण मेलेल्याच्या बातमीत नंबर कोण देतं?"

अवधूत उठून खिडकीशी गेला.

"येते म्हणाली?" आप्पाजींनी विचारलं.

"निघाली होती. बॅग भरली होती."

"आणि?"

"तुम्ही आहात हे कळल्यावर तिकीट परत करते म्हणाली."

"चिडली असेल. चिडणारच. बापावर नाही तर कुणावर चिडेल?" ते हसू पाहत होते. "लावून दे फोन. मी बोलतो."

"नंबर दिला नाही तिनं. मी मागितला."

"सरी, असू दे. मग लिहितो. पान तर रोज बघते."

महानंदाला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते चौकटीसमोर बसलेही होते. बायकोचं नाव त्यांनी या वेळी मनात म्हटलं. मरणाची दोन वाक्यं उलट्या दिशेनं एकेक अक्षर खात गेली. रिकाम्या चौकटीत ती उभी रेघ लुकलुकत राहिली. सुखरूप असल्याचं ठरलेलं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. फळ्यावर तशी बातमी कधी लागलीच नव्हती. खूप वेळानं त्यांनी लिहिलं: आप्पाजी आहेत. चंपा, फोन कर. आणि घरचा नंबर.

बटण दाबलं.

"आता नोंद दाखव," ते म्हणाले. "मस्कत येईल."

महानंदानं नोंद उघडली. त्यांचीच स्वतःची ओळ होती, बंगळुरूची. तिच्याखाली काही नव्हतं. जवळच्या रेल्वे यार्डात मालगाडी शंटिंग करत होती, डबे एकमेकांवर आदळल्याचे आवाज खिडकीतून एकामागून एक येत राहिले. कॉफी आली, साय धरली. अवधूतनं दोनदा नोंद ताजी केली, कुणी सांगितलं नसताना.

"तिच्याकडे ऑफिस सुटलं असेल," आप्पाजी म्हणाले. "उद्या सकाळी उघडेल."

"आप्पाजी..."

"बोल."

"ती म्हणाली, ते पान आता उघडणार नाही."

"किती दिवस?"

"उद्या खरं झालं तरी नाही, म्हणाली."

आप्पाजींनी पडद्याकडे पाहिलं. तिथं त्यांचं वाक्य स्वच्छ दिसत होतं, साऱ्या जगाला दिसेल असं. त्यांनी एक बोट पुढं नेलं, बटणापाशी थांबवलं, मागं घेतलं. अंगरख्याची सुरकुती सारखी केली, कॉफीचा पेला उष्टा न करता बाजूला सरकवला आणि खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले. महानंदा हात द्यायला पुढं झाली. त्यांनी तो पाहिला नाही. दारातून बाहेर पडले आणि एकेक पायरी चाचपत जिना उतरून गेले.