चहाला जाण्याचा निरोप

डोंगरावरच्या सोनकोलच्या कुरणांवर उन्हाळ्यात फोन लागत नाही, लागतो तो आमचा रेडिओ. तिथल्या मेंढपाळांसाठी घरचे निरोप एकतीस वर्षं बुरुलकान वाचायची. लहानथोर सगळे तिला एजे म्हणत, म्हणजे थोरली बहीण.

आमच्याकडे मरणाची बातमी तोंडावर फेकत नाहीत. समजा सापारच्या घरचं कुणी वारलं, तर एजे त्याच्या शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्याचं नाव घ्यायची. "असानआबा, सापारकडे चहाला जा. घोड्याला खोगीर घालूनच जा." एवढ्यावर सगळ्या तंबूंना कळायचं. वडीलधारे सापारभोवती जमायचे आणि हळूहळू विषय काढायचे.

मग एल्दियार हे नवे साहेब आले, वय चौतीस. "एजे, आवाज थकलाय तुमचा. आता आराम करा."

"आवाज थकलाय की तुझे कान रे?"

मेंढपाळ कुरणांवर गेल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला फुलं देऊन घरी बसवलं. आणि तिच्या तरुणपणच्या टेपा घेऊन तिचा आवाज कॉम्प्युटरला शिकवायचं काम माझ्यावर आलं. म्हणजे बाई म्हातारी म्हणून नको, पण आवाज हवा! मी केंद्राचा तंत्रज्ञ, पेन्शनला दोन वर्षं उरलेली. मुकाट्याने केलं. त्याची लाज अजून वाटते.

कॉम्प्युटर कागदावरचं जसंच्या तसं वाचायचा. जुलैत त्याने वाचलं, "कुबात, तुझी आई काल वारली." कुबात तेव्हा पोरांना घेऊन घोडीचं दूध काढत होता.

दफन उरकून तो एजेच्या दारात आला. मी आत बसलो होतो. "एजे, तुम्ही? असं सांगितलंत?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "चुकले रे. माफ कर."

तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "साहेबाला म्हणावं, नोकरी ठेव तुझी. तू माझा आवाज तेवढा काढ त्यातून."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी तो पुसला. निरोपांच्या वेळेला रेडिओ गप्प. साहेब थयथयाट करत होते. म्हटलं, करू देत.

एजेचा मुलगा अझामतही वर कुरणातच असतो. संध्याकाळी तो घोडा दौडवत खाली आला, चेहरा पांढराफटक. एजे अंगणात पीठ मळत होती. तिला बघून तो ओरडलाच.

"अगं, सकाळी तू बोललीच नाहीस! तासाभरात अकरा म्हातारे चहाला आले माझ्याकडे. खोगीर घातलेले घोडे घेऊन."

एजे हसली. मग पिठाच्याच हाताने डोळे पुसत म्हणाली, "मी मेल्याचं न सांगता कळलं त्यांना. मला काढल्याचं मात्र अजून कुणी सांगितलंच नाही."