घोड्याची जास्तीची प्रत

काकूंच्या हातात कुणी नवी छापलेली प्रत ठेवली, की त्या चित्राकडे बघतच नसत. कागद आधी उलटा करायच्या, खिडकीशी न्यायच्या आणि म्हणायच्या, "पाठ बघू दे. तोंडावर काय, कुणीही हसतं."

लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, उंच राहिलेल्या भागाला शाई लावायची, वर पातळ कागद अंथरायचा आणि मागून चमच्याने घासून चित्र कागदावर उतरवायचं, हा आमचा उद्योग. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, गोरखीच्या जुन्या वाड्यामागे तळमजल्यावरच्या एका खोलीत आम्ही काही जण तो करतो. घासल्यामुळे कागदाच्या पाठीवर चमकदार रेघा उमटतात, आणि ज्याचा त्याचा हात वेगळा, म्हणून रेघाही वेगळ्या. काकू डावखुऱ्या, त्यांच्या रेघा लांब आणि तिरप्या. माझ्या आखूड, त्यांच्या भाषेत "कढई घासल्यासारख्या". नुसती पाठ बघून त्या सांगायच्या, प्रत कुणी छापली आणि छापताना त्याचं लक्ष कुठे होतं. यातली दुसरी गोष्ट थाप असावी, असा मला अजूनही संशय आहे.

संशय हा शब्द आमच्या खोलीत त्यांनीच आणला. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि शिंदे की छावनी या वस्तीत एकट्या राहत होत्या. शाळेत जन्मभर मुलींच्या कॉप्या पकडल्या, ती सवय पेन्शनीत निघाली नाही. आमच्या खोलीतल्या कपाटाला एक कुलूप होतंच, त्यावर त्यांनी स्वतःचं दुसरं लावलं. एकदा मी मनापासून म्हणालो, "काकू, झाड सुंदर उतरलंय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय हवंय?"

तुम्हाला असं एखादं माणूस माहीत असेलच. लाडू दिला तर विचारतं, "कशाबद्दल?" एकदा त्यांना बँकेच्या नावाने एका भामट्याचा फोन आला. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला आणि त्याला त्याचं गाव, त्याची शाळा, आईचं माहेर असं एकेक विचारत गेल्या. शेवटी तोच काकुळतीला आला. "माताजी, रहने दीजिए," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. "बघा," काकू म्हणाल्या, "आईचं माहेर सांगता आलं नाही."

पल्लवीवर त्यांची खास मेहेरनजर. पल्लवी आमच्यात सगळ्यात लहान, कॉलेज संपवून नुकतीच आलेली. मराठीत सुरू झालेलं तिचं वाक्य हिंदीत कधी शिरायचं हे तिलाही कळत नसे. "काकू, मी वो रोलर घेऊ?" "घे. आणि कपाटाकडे बघू नकोस." ही मुलगी चमचा गोल गोल फिरवायची, त्यामुळे तिच्या कागदाच्या पाठीवर मसुरीच्या डाळीएवढी वर्तुळं उठायची. काकूंना ती पद्धत मुळीच पसंत नव्हती. तरी पल्लवी छापायला बसली की त्या आपलं स्टूल हळूच तिच्या मागे ओढत.

आमच्या धंद्याचा एक कायदा आहे. किती प्रती काढणार ते आधीच सांगायचं, प्रत्येकीवर पेन्सिलने नंबर घालून सही करायची, आणि शेवटची प्रत निघाली की फळीवर आडवे-उभे खोल काप मारून ती रद्द करायची, म्हणजे पुन्हा छापता येऊ नये. छापणाऱ्याची अब्रू त्या कापांत असते. काकू दुसऱ्यांच्या बाबतीत इतक्या कडक, की समोर उभ्या राहायच्या. "माझ्यादेखत काप. घरी जाऊन कापतो, हे नको."

मग त्यांनी घोडा कोरला. छावनीतला टांग्याचा म्हातारा घोडा, मान वळवून एका डोळ्याने बघणारा. सबंध हिवाळा त्या फळीवर वाकून बसल्या होत्या. थंडीत शाई घट्ट होते म्हणून डबा उन्हात ठेवायच्या, आणि कुणी हलवू नये म्हणून दर थोड्या वेळाने जाऊन बघायच्या. घोड्याच्या डोळ्यातही तसाच अविश्वास उतरला होता. ठरलेल्या प्रती निघाल्या, नंबर पडले. फळी त्यांनी कापडात गुंडाळून ठेवली. ती रद्द केली का, हे काकूंना विचारण्याची आमच्यापैकी कुणाची टाप नव्हती.

पुढे पावसाळ्यात आमच्या मंडळाचे अध्यक्ष, भाऊ, इंदरगंजातल्या फ्रेमवाल्याकडे गेले आणि एक कागद घेऊन परतले. काकूंचा घोडा! नंबर नाही, सही नाही. कुणी फ्रेम करायला टाकून गेलं ते दुकानदाराला आठवत नव्हतं. भाऊंनी कागद टेबलावर ठेवला आणि आम्ही सगळे एकमेकांकडे चोरासारखे बघू लागलो.

काकू उठल्या. कागद उलटा करून खिडकीशी गेल्या. मी शेजारीच होतो, मलाही पाठ दिसली. डाळीएवढी वर्तुळं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मोरीपाशी पल्लवी हात धूत होती आणि तिचे हात काही केल्या धुऊन होत नव्हते.

आता वीज पडणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"माझीच आहे," काकू म्हणाल्या. "मी काढली."

"पण काकू, नंबर?"

"नाही घातला."

"आणि फळी? ती तर रद्द केली असेल ना?"

"नाही. त्याच्या तोंडावर पटाशी चालवेना माझ्याच्याने."

हे शेवटचं खरं होतं, म्हणून आधीचंही सगळ्यांना खरं वाटलं. भाऊंचाही इलाज नव्हता. दुसऱ्या कुणाला जो नियम, तोच काकूंना. येत्या प्रदर्शनातून घोडा काढला गेला आणि मंडळातून काकूंचं नाव. त्यांनी आपलं कुलूप पिशवीत टाकलं आणि निघून गेल्या.

दोन दिवसांनी पल्लवीने मला इंदरगंजच्या चौराह्यावर गाठलं. ती रडत होती. काकू दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, त्या दुपारी फळी टेबलावर राहिली होती. "दादा, मला फक्त बघायचं होतं, तसा काळा मेरे हाथ से आता है क्या. आला, तर फाडवला नाही. घरी लावणार होते, सच में." मी तिला छावनीत घेऊन गेलो.

काकूंनी दाराची साखळी न काढता फटीतून बघितलं. "दोघं का?" मग दार उघडलं, आम्हाला बसवलं आणि चहा ठेवला. कप हातात येईपर्यंत पल्लवीला त्यांनी बोलूच दिलं नाही.

"काकू, वो मैंने..."

"माहीत आहे. आंधळी नाही मी."

"फिर आपने क्यों..."

"मानेखालचा काळा बघितलास? माझ्या एकाही प्रतीत तो तसा भरलेला नाही. माझ्या हाताला आता तेवढा दाब येत नाही. तुला चोर म्हटलं असतं, तर तू पुन्हा चमचा धरला असतास? माझं काय, माझं सगळं छापून झालंय. मी आहे तोवर तोंड उघडायचं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हीही. तुमच्यावर तर माझा कधीच भरवसा नव्हता."

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण त्यांनी विचारलं असतं, "कशाबद्दल?"

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. झोपेतच, कुणाला पत्ता लागू न देता. आम्ही खोलीत जमलो. भाऊ चांगलं बोलले. काकूंचा हात, त्यांची शिस्त, त्यांचा दरारा. मग म्हणाले, "शेवटी त्यांच्याकडून एक चूक झाली, पण आपण ती आता..."

पल्लवी उभी राहिली.

"ती प्रत मी छापली होती," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत, हिंदीचा एक शब्द न येऊ देता. "काकूंनी नाही. त्यांचं नाव मंडळात परत घ्या. माझं काढायचं तर काढा."

भाऊंनी विचारलं, "काकूंना माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग काय केलं त्यांनी तुला?"

"चहा दिला."

भाऊंना एकदम हसू फुटलं आणि हसता हसता ते रडायला लागले. मग आम्ही सगळेच रडलो. त्या रडण्यातलं खरं कुणाचं आणि लोकांना दाखवायचं कुणाचं, हे सांगणारी एकटी बाई मात्र आता खोलीत नव्हती.